माझं खटारा मशीन

४ मार्च, सोमवार

दोऱ्यांच्या व्यापाऱ्याने दिलेली ही डायरी आजवर गिऱ्हाइकांची मापं लिहायला वापरत होते. आज पहिल्यांदा मनातलं लिहायला घेतलीय, कारण घरात बोलायची सोय नाही. ह्यांना काही सांगावं तर पेपरच्या आडून "हं" येतं. बायको शिंपीण आणि नवरा मुका, असा आमचा संसार.

तर झालंय असं की माझ्या धाकट्या भावाला जहाजावर नोकरी मिळतेय. मोठं प्रवासी जहाज आहे, त्यावर बँड आहे, आणि त्या बँडमधला कुणी आजारी पडला, भांडून गेला, की त्याच्या जागी वाजवायला एक माणूस त्यांना कायमचा हवाय. असा माणूस म्हणजे आमचा भोंग्याच. नाव चांगलं भारदस्त आहे त्याचं, पण लहानपणी असा काही गळा काढायचा की शेजाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव चिकटलं ते चिकटलं. आता चाळिशीला टेकलाय तरी भोंग्याच. क्लॅरिनेट, अ‍ॅकॉर्डियन, व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार, बासरी, माउथऑर्गन, आणि बडवायची ती वेगळीच. हातात द्याल ते वाजवतो. आणि आजवर जे वाजवलं ते दुसऱ्याच्या जागेवर. कुणाचा ट्रम्पेटवाला आला नाही, बोलवा त्याला. स्टुडिओत कुणाचं बोट कापलं, बोलवा त्याला. स्वतःचा म्हणून एक कार्यक्रम नाही. मी म्हणतेच त्याला, एक ना धड भाराभर चिंध्या. तो हसतो आणि म्हणतो, शिंपिणीने चिंध्यांना नावं ठेवू नयेत.

जहाजवाल्यांनी कोट पाठवलाय, सोनेरी बटणांचा. तोही आधीच्या वादकाचाच. खांदे उतरलेले, बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. म्हणाला, ताई, माझ्या मापाचा करून दे. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. हो म्हटलं की मग वर्षानुवर्षं समुद्र.

चांगलंच आहे की. कायमची नोकरी, वेळेवर जेवण, इस्त्रीचे कपडे. मी तर म्हणते डोळे झाकून हो म्हण. कोट उद्याच हातावेगळा करते.

७ मार्च, गुरुवार

कोट टांगलेलाच आहे. शाळेच्या युनिफॉर्मची घाई होती.

आज भोंग्या दुकानात आला तो नाचतच. टायरच्या दुकानाखाली तळघरात एक छोटा क्लब निघालाय. पूर्वी तिथे टायरच ठेवायचे. आता खुर्च्या मांडल्यात आणि माझ्या कापायच्या टेबलाएवढी दोन टेबलं जोडावीत एवढं स्टेज केलंय. मालकाची दाढी छातीपर्यंत आहे म्हणे, म्हणून मी त्याला दाढीवालाच म्हणणार. तिथे एका बँडमध्ये हा नेहमीप्रमाणे कुणाच्या तरी बदल्यात गेला होता. बाकीचे उशिरा आले, तोवर हा एकटाच एकेक वाद्य उचलून वाजवत बसला. दाढीवाल्याने ऐकलं आणि अठ्ठावीस तारखेची अख्खी संध्याकाळ देऊन टाकली. एकट्याला. लोक शेवटपर्यंत बसून राहिले तर दर गुरुवारची संध्याकाळ त्याची, त्याच्या नावाने. लोक उठून गेले तर राम राम. मग जहाज आहेच.

मी विचारलं, तोंड एक, हात दोन, एकटा किती वाजवशील? तर त्याने मला एक चपटा डबा दाखवला. पायाने दाबला की वाजवलेलं धरून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहतो. मी त्याचं नाव पोपट ठेवलं. मग आधीच घरून भरून ने ना सगळं, मी म्हटलं. तर नाही. ह्याचा नियम असा की पोपट रिकामा घेऊन बसायचं, आणि जे काही वाजेल ते लोकांच्या डोळ्यांदेखत वाजलं पाहिजे. आयत्या शिदोरीत ह्याला चव नाही. लहानपणापासून असाच आहे, सोपा रस्ता दिसला की दुसरीकडे वळणार.

११ मार्च, सोमवार

रविवारी मी नणंदेकडे जाते, दुकान बंद असतं. आज येऊन बघते तर जुन्या मशीनचा धागा तुटलेला आणि चाकाजवळ गुंता. हे पायाचं मशीन आईचं. काम सगळं मी विजेच्या मशीनवर करते, पण काजं, कॉलर, नाजूक वळणं असली की जुन्यावरच बसते. आवाज मात्र विचारू नका. पट्ट्याच्या जोडाची पिन चाकावरून गेली की टक् होतं, पायडलचा दांडा सैल झालाय तो खड् खड् करतो, ड्रॉवरमधल्या बॉबिनी थरथरतात त्या वेगळ्याच. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणतात, तुमचं मशीन सुरू झालं की मला घड्याळ लागत नाही.

ह्यांना विचारलं, ड्रॉवर ओढलात का? "हं." म्हणजे हो की नाही ते देवालाच ठाऊक.

दुपारी भोंग्या येऊन बसला. तालीम करायची सोडून माझ्या शेजारी स्टुलावर, फोन मशीनजवळ ठेवून. ताई, जुन्यावर शिव ना, म्हणाला. विजेच्याचा आवाज डोक्यात जातो म्हणे. मी म्हटलं, लोकांचं उलटंच असतं. तरी बसले जुन्यावर. लाडावलेला आहे, काय करणार.

१२ मार्च

कोटाची उजवी बाही उसवून लावली. बोटभर चुकली. पुन्हा उसवली. इतकी वर्षं शिवतेय, माझं असं होत नाही. कापडच वाईट आहे.

१८ मार्च, सोमवार

पुन्हा धागा तुटला. ह्या वेळी मी ह्यांच्या पेपरसमोर उभी राहून चांगलं झाडलं. ह्यांनी पेपर खाली केला, भोंग्याकडे बघितलं, आणि पेपर पुन्हा वर. भोंग्या तोवर चहाचा कप विसळायला आत गेला होता. तो कधी कप विसळत नाही.

रात्रीचं जेवण होईपर्यंत दुकानामागच्या खोलीत ह्याची तालीम चालते. ऐकू नको म्हटलं तरी येतं कानावर. बाकीचं गोड आहे, पण एक चाल आहे ती मला मुळीच पटत नाही. सरळ जाता जाता मध्येच हळू होते, थांबते, मग जरा फिरून पुन्हा धावत सुटते. अशी अडखळत जाणारी चाल कोण ऐकणार? आज स्पष्ट सांगितलं, लोकांना सरळ चाल लागते, ही काढून टाक. तर तो हसायलाच लागला. मी चिडले तर म्हणाला, "ताई, हीच एक माझी आहे. बाकी सगळी मागून आणलेली."

मला खरं लिहायचं तर भीती वाटते. तो पडला तर? आयुष्यभर मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला एकदम पुढे बसवलं, आणि लोक उठून गेले तर? आई कामावर जायची तेव्हा मी शाळा सुटल्यावर मशीनवर बसायची आणि हा टेबलाखाली. तिथेच झोपायचा, तिथेच जेवायचा. मशीन थांबलं की जागा व्हायचा आणि भोंगा सुरू. म्हणून मी थांबतच नसे. त्याला कुणी उठून गेलेलं बघायला मिळू नये असं मला वाटतं. त्यापेक्षा जहाज बरं. जहाजावरून निदान कुणी उठून जाऊ शकत नाही.

कोटाची डावी बाही आज जमेल असं वाटलं होतं. नाही जमली.

२१ मार्च, गुरुवार

टायरच्या दुकानाच्या भिंतीवर पोस्टर लागलंय. मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले, उगीचच, बटणं आणायला. पूर्ण नाव छापलंय, मोठ्या अक्षरात. एवढं पूर्ण नाव मी त्याच्या शाळेच्या दाखल्यानंतर पहिल्यांदाच बघितलं. एका अनोळखी बाईला मी थांबवून सांगितलं की हा माझा भाऊ. ती म्हणाली, असं का, आणि गेली. पण सांगून झालं माझं.

संध्याकाळी भोंग्याने विचारलं, अठ्ठावीस तारखेला जुनं मशीन एका दिवसापुरतं देशील का? स्टेजवर हवंय. मी म्हटलं, वाद्यं मांडायला का? तर म्हणाला, तसंच काहीसं. बरोबर आहे, वरची फळी मोठी आहे, चार-पाच वाद्यं आरामात राहतील. आईची वस्तू म्हणून शकुनाचीही. मी लगेच हो म्हटलं. त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, वासरासारखं. एवढ्याशा गोष्टीसाठी.

२३ मार्च, शनिवार

विचार केला, आईचं मशीन चारचौघांत जाणार, ते असं जाऊन चालेल का? फळीवर तेलाचे डाग, चाकाचा रंग उडालेला, आणि चुकून कुणाचा पाय पायडलवर पडला तर खडाखड सगळ्या हॉलभर. हसतील लोक. म्हणतील बघा कसला खटारा आणून ठेवलाय. भावाच्या पहिल्या कार्यक्रमात माझ्या वस्तूमुळे त्याची मान खाली जायला नको.

मशीनवाल्या काकांना फोन केला. आईच्या वेळेपासून आमची मशीनं तेच बघतात. म्हटलं, असं करा की आवाज म्हणून राहता कामा नये. काका खूश झाले. म्हणाले, किती वर्षं मागे लागलोय तुझ्या, पट्टा बदल, दांडा आवळून घे, तर तू ऐकायची नाहीस. बुधवारी वर्कशॉपमध्ये नेतील आणि गुरुवारी परस्पर क्लबवर पोहोचवतील. भोंग्याला फक्त एवढंच सांगितलंय की मशीन वेळेवर येईल, काळजी करू नकोस. बाकीचं त्याला तिथेच दिसू दे.

वर घालायला निळं झाकण शिवतेय, पांढऱ्या किनारीचं. हे मात्र एका बैठकीत बेतून झालं.

२७ मार्च, बुधवार

काकांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आले. काय सांगू, मशीन ओळखू येईना. नवा पट्टा, आतपर्यंत तेल, दांडा जीव खाऊन आवळलेला, ड्रॉवर रिकामा करून मेण लावलेला. काकांनी पायडल मारलं तर पंख्यासारखी नुसती झुळूक. काका म्हणाले, शेजारी बाळ झोपलं असेल तरी उठणार नाही. मला तर आई आठवली. तिने हे ऐकलं असतं, म्हणजे ऐकू आलंच नसतं, तर किती खूश झाली असती.

घरी आले तर भोंग्या व्हायोलिन पुसत होता. माझ्या चेहऱ्यावरचं हसू काही लपेना. ह्यांनी पेपरवरून बघितलं आणि चक्क विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, हं.

२९ मार्च, शुक्रवार

आज शटर अर्धं ओढून बसलेय. गिऱ्हाईक आलं तर आत घेणार नाही. कालचं सगळं क्रमाने लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आम्ही दोघं वेळेच्या आधीच पोहोचलो. ह्यांनी न सांगता इस्त्रीचा शर्ट घातला होता. पायऱ्या उतरताना अजूनही रबराचा वास येतो. खाली खुर्च्या बऱ्याच भरलेल्या, तरुण पोरंपोरी जास्त, काही आमच्या वयाचे. दारात दाढीवाला. मी भोंग्याची बहीण म्हटल्यावर त्याला कळेचना कोण भोंग्या. पोस्टरवरचं नाव सांगितलं तेव्हा त्याने आम्हाला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

काका आले ते अगदी ऐन वेळी. टेम्पो वाटेत अडकला होता. दिवे मंद झालेले, लोक बसलेले, अशात तिघांनी मशीन उचलून स्टेजवर ठेवलं, वर माझं निळं झाकण. भोंग्या वाकून घाईघाईने मला म्हणाला, "ताई, चालतंय ना नेहमीसारखं?" मी म्हटलं, "नेहमीसारखं कसलं, लोण्यासारखं." त्याचा चेहरा जरा कसनुसा झाला, पण तेवढ्यात दाढीवाल्याने त्याचं नाव पुकारलं.

सुरुवात छान झाली. बासरीचे चार सूर वाजवले, पायाने पोपट दाबला, पोपट ते म्हणत राहिला. त्यावर गिटार, त्यावर अ‍ॅकॉर्डियन. खोलीत एकटा माणूस आणि ऐकू येतोय अख्खा बँड. ट्रम्पेट उचलली तेव्हा माझ्या मागची मुलगी शेजारणीला म्हणाली, ह्याला काय काय येतं गं. मी मागे वळून तिला सांगणार होते, ह्यांनी माझा हात धरला. लोक टाळ्या वाजवत होते, पण मला कळत होतं, त्या जादूगाराला वाजवतात तशा होत्या. पुढे काय काढतो, एवढंच. तिसरं-चौथं गाणं झाल्यावर मागे कुजबुज सुरू झाली. एक खुर्ची सरकली, एक जोडपं उठून गेलं. दाढीवाला दाराकडे बघत होता.

मग भोंग्याने माइक घेतला. म्हणाला, आतापर्यंत वाजवलं ते इतरांकडून शिकलेलं होतं, आता वाजवणार ते माझं आहे, आणि ते ह्या मशीनपासून सुरू होतं. माझं झाकण काढून बाजूला ठेवलं. मशीनसमोर बसला, माइक खाली पायडलजवळ लावला, एक हात चाकावर. मला वाटलं, अगं बाई, हा आता शिवणार की काय?

त्याने पायडल दाबलं. चाक फिरलं. काहीही ऐकू आलं नाही.

त्याने माइक आणखी जवळ घेतला. नुसती झुळूक. जोर लावला तर हलकं झालेलं पायडल त्याच्या पायाखालून निसटलं, चाक उलटं फिरलं आणि धागा तटकन तुटला. तो तुटलेला धागा बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सोमवारचे तुटके धागे. मशीनजवळ ठेवलेला फोन. ती अडखळत जाणारी चाल. त्याला मशीन नकोच होतं, मशीनची खडखड हवी होती. आणि ती मीच, मोठ्या हौसेने, तेल घालून, आवळून, मेण लावून, पार पुसून टाकली होती.

काहीजण हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. मग हसूही थांबलं. भोंग्या माझ्याकडे बघेना, आपल्याच पायाकडे बघत बसला. कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. क्लॅरिनेट हातात घेतली, खाली ठेवली. मागे आणखी एक खुर्ची सरकली. आणि माझ्या डोळ्यांपुढे तो मेला कोट आला, सोनेरी बटणांचा, दुसऱ्याच्या मापाचा.

मी उठले. कशी उठले ते मला ठाऊक नाही. खांद्याला दुकानाची पिशवी होती, ती तशीच घेऊन स्टेजवर चढले आणि भोंग्याला म्हटलं, "सरक."

तो सरकला. मी खाली बसून दांड्याचा नट सैल केला. छोटा पाना पिशवीत असतोच. काकांनी असा आवळला होता की बोटं सोलली. पिशवीतल्या बॉबिनी, बटणांची डबी, दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा, सगळं रिकाम्या ड्रॉवरमध्ये ओतलं. मग सुईत धागा ओवला. चष्मा ह्यांच्या खिशात राहिला होता, आणि एवढी माणसं बघताहेत, तरी धागा एका फटक्यात गेला. आता कापड हवं. कापड नसताना मशीन चालवायचं नाही, ही आईची शिस्त. वाद्यं पुसायला म्हणून मी चिंध्यांचं गाठोडं आणलं होतं, त्यातली एक चिंधी सुईखाली घातली आणि पायडल मारलं.

खड् खड्, खड् खड्. किल्ल्या वाजायला लागल्या, बॉबिनी थरथरल्या. आपलं मशीन होतं, पण पूर्ण नव्हतं. पट्टा नवा, त्यामुळे पिनेचा टक् कुठेच नाही. भोंग्या उभा राहून ऐकत होता. मग त्याने हात पुढे केला आणि फळीच्या कडेवर बोटाने तो टक् दिला, बरोब्बर त्याच्या जागेवर. दोन-चार वेळा दिला आणि क्लॅरिनेट उचलली.

तीच चाल. मी काढून टाक म्हटलेली. ती अडखळत नव्हतीच मुळी. एक चिंधी संपून दुसरी जोडताना मी हळू व्हायचे, तो हळू व्हायचा. वळणावर मी थांबून कापड फिरवायचे, तेवढ्यात तो क्लॅरिनेट ठेवून अ‍ॅकॉर्डियन गळ्यात घालायचा. मी सुटले की तोही सुटायचा. सरळ शिवण लांब गेली तर ट्रम्पेट अशी मोकळी वाजायची की तळघराला छत आहे हे विसरायला व्हावं. मी थांबणार हे मला कळायच्या आधी त्याला कळत होतं. कसं ते देव जाणे. पोपटाला त्याने पायसुद्धा लावला नाही.

सुई चालू असताना मान वर करायची नाही, नाहीतर बोट शिवलं जातं. त्यामुळे मी त्याला वाजवताना बघितलंच नाही. फक्त ऐकलं, टेबलाखाली बसल्यासारखं. व्हायोलिन आलं तेव्हा कापड मला धूसर दिसायला लागलं, पण पाय थांबवला नाही. थांबले असते तर तो थांबला असता.

शेवटची चिंधी संपली. मी चाकावर हात ठेवला. त्याचा सूर जरासा पुढे गेला आणि तोही संपला. मी मान वर केली तर सगळी माणसं उभी. मला वाटलं, झालं, निघाले सगळे. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. कुणी दाराकडे गेलं नाही. दाढीवाला तर दार लावून, त्यालाच पाठ टेकवून उभा होता आणि डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होता. काका टेम्पो घेऊन गेलेच नव्हते, मागे उभे राहून ओरडत होते की नट कुणी सैल केला.

भोंग्याने माइक घेतला. त्याला बरंच काही बोलायचं असावं, पण म्हणाला एवढंच, "ही माझी ताई." मग माइक बंद करून माझ्या कानाशी म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं गं तेल घालायला?"

माझी छाती अशी भरून आली की काय लिहू. ज्या पोराला शेजारी भोंगा म्हणायचे, त्याच्यासाठी अख्खं तळघर उभं होतं. लिहून ठेवते: माझा भाऊ फार मोठा वादक आहे. मी हे आधी कधी म्हटलं नव्हतं. आता गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की आधी हेच सांगणार.

घरी येताना हे वाटेत थांबले आणि म्हणाले, "छान वाजवलंस." मी म्हटलं, मी कुठे वाजवलं, मी तर चिंध्या शिवत होते. वाजवलं त्याने. तर हे म्हणाले, हं. पण ह्या वेळचा हं निराळा होता.

३० मार्च, शनिवार

भोंग्याने जहाजवाल्यांना नाही म्हणून कळवून टाकलं. सकाळी दाढीवाल्याचा निरोप आला, दर गुरुवारची संध्याकाळ पक्की, आणि पोस्टरवर दोन नावं टाकायची आहेत. मी म्हटलं, दुसरं कुणाचं? भोंग्या माझ्याकडे बघत राहिला. मी साफ नाही म्हटलं. मला कामं पडलीत. नाव छापायला मी काय वाजवते? भोंग्या म्हणाला, ठीक आहे, नाव नको, पण ये. यायला काय, येईन. भाऊ वाजवणार आणि मी घरी बसू?

कोट परत पाठवायचा म्हणून बाह्या होत्या तशाच, लांबच्या लांब लावून टाकल्या. दोन्ही एका दमात बसल्या. कापड काही वाईट नव्हतं.

काकांना फोन केला की जुना पट्टा टाकला नसेल तर आणून लावा, आणि तेल जेवढं निघेल तेवढं पुसून काढा. काका म्हणाले, एवढ्या वर्षांच्या धंद्यात मशीन बिघडवायला कुणी बोलावलं नाही. तोंडाने बडबडत होते, पण संध्याकाळी पट्टा घेऊन आले. लावून झाल्यावर स्वतःच पायडल मारून बघितलं. टक् आला. भोंग्या आतल्या खोलीतून धावत बाहेर आला.

४ एप्रिल, गुरुवार

सकाळी पाटीवर रंगाने लिहिलं: दर गुरुवारी दुकान दुपारपर्यंतच. नर्सबाई ब्लाऊज न्यायला आल्या, त्यांनी पाटी वाचली आणि विचारलं, गुरुवारी काय असतं? मी म्हटलं, भावाचा कार्यक्रम असतो. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, व्हायोलिन, सगळं एकटा वाजवतो. तुम्ही या, पुढच्या रांगेत बसवते. त्या म्हणाल्या, आणि तुम्ही तिथे काय करता?

मी म्हटलं, मी शिवते.

टेम्पो आलाय. चिंध्यांचं गाठोडं बांधून ठेवलंय, ह्या वेळी मोठं.